परीक्षकांची परीक्षा

रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की आपली नजर प्रथम आकड्यांकडे जाते. साखर किती, हिमोग्लोबिन किती, शेजारच्या रकान्यातील मर्यादेच्या आत की बाहेर, एवढे पाहून कागदाची घडी घातली जाते व तो डॉक्टरांकडे नेला जातो. त्याच कागदाच्या कोपऱ्यात पुष्कळदा एक लहानशी मुद्रा असते. तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. ‘एनएबीएल’ ही अक्षरे व त्यांखाली एक क्रमांक, असे तिचे स्वरूप. कित्येक अहवालांवर तिच्या शेजारी ‘आयलॅक’ ही अक्षरे असलेली दुसरी मुद्राही दिसत आली आहे. विद्यार्थिमित्रांनो, या दोन मुद्रांमागे जी व्यवस्था उभी आहे, तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. कारण ती व्यवस्था ज्या प्रश्नातून जन्मास आली, तो प्रश्न आम्हां शिक्षकांच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. परीक्षकाची परीक्षा कोणी घ्यावी?

प्रयोगशाळा वस्तूची परीक्षा करते. परंतु तिचा तराजू खरा आहे, तिची रसायने मुदत उलटून गेलेली नाहीत, तेथे काम करणाऱ्या माणसाला ते काम येते, आणि आलेला आकडा गिऱ्हाइकाच्या सोयीने फिरवला जात नाही, हे पाहण्यासाठी बहुतेक प्रगत देशांत एखादे राष्ट्रीय मंडळ असते. आपल्या देशातील अशा मंडळाचे नाव मराठीत सांगायचे तर ‘राष्ट्रीय परीक्षण व अंशशोधन प्रयोगशाळा अधिस्वीकृती मंडळ’ असे होईल. नाव एका श्वासात घेणे कठीण, म्हणून सर्वजण त्याला एनएबीएल म्हणतात. अंशशोधन म्हणजे मापाचे उपकरण त्याहून अधिक अचूक अशा प्रमाणाशी ताडून पाहणे. मंडळाचे तज्ज्ञ प्रयोगशाळेत जातात, नोंदवह्या चाळतात, काम करणाऱ्याच्या शेजारी उभे राहून त्याचा हात कसा चालतो ते पाहतात. समाधान झाले तरच मंडळ मान्यता देते. या मान्यतेलाच अधिस्वीकृती म्हणतात. साध्या चाचण्यांसाठी जो आंतरराष्ट्रीय मानदंड आहे त्याचा क्रमांक १७०२५, वैद्यकीय प्रयोगशाळांसाठी असलेल्याचा १५१८९. हे आकडे पाठ करण्याचे कारण नाही. ते जगभर एकच आहेत, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

येथवर सारे सरळ आहे. खरी अडचण पुढे आहे. मंडळाला स्वदेशात वरिष्ठ असा कोणी परीक्षक नाही. मग त्याचा शब्द परक्या देशाने का मानावा? गोव्यातील वाचकांना याचे उदाहरण दूर शोधावे लागणार नाही. मुरगाव बंदरातून लोहखनिजाची जहाजे वर्षानुवर्षे जपानकडे गेली. खनिजाची किंमत त्यातील लोहाच्या प्रमाणावर ठरते. अशा व्यवहारात माल भरताना एकदा नमुना तपासला जातो, उतरताना दुसऱ्यांदा; आणि दोन आकड्यांत ठरलेल्या मर्यादेपलीकडे अंतर पडले, तर राखून ठेवलेला तिसरा नमुना पंच म्हणून नेमलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवण्याची रीत आहे. एकाच मातीची तीनदा परीक्षा! खनिजाचे पृथक्करण थांबता येण्याजोगे तरी असते. काजूगर, मासळी, औषधे यांच्या बाबतीत प्रत्येक बंदरावर नव्याने तपासणी झाली, तर लागणारा पैसा शेवटी मालाच्या किमतीतच मिसळतो. शिवाय मासळी कोणाच्या अहवालाची वाट पाहत ताजी राहत नाही.

ही अडचण सर्वच देशांना जाणवत होती. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाला दारूगोळा स्वतः तयार करावा लागला, तेव्हा तो तपासणाऱ्या भरवशाच्या प्रयोगशाळांची वाण तेथे तीव्रतेने भासली. त्या अनुभवातून १९४७ साली तेथे राष्ट्रीय मंडळ निघाले. या प्रकारचे जगातील ते पहिले मानले जाते. पुढे इतर देशांनी तोच कित्ता गिरवला. १९७७ साली कोपनहेगन येथे या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि तिच्यातूनच १९९६ साली आयलॅक ही रीतसर संघटना उभी राहिली. २ नोव्हेंबर २००० रोजी वॉशिंग्टन येथे २८ देशांतील व प्रदेशांतील ३६ मंडळांनी परस्पर मान्यतेच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. आपले मंडळ २००० सालापासून या वर्तुळात आहे. व्यवस्थापन-पद्धतींना मिळणाऱ्या प्रमाणपत्रांसाठी असाच दुसरा मंच १९९३ पासून काम करीत होता. हे दोन्ही प्रवाह एकाच जागतिक संस्थेत मिळवण्याचा निर्णय त्यांनी अलीकडे घेतला.

गणिताची आवड असलेल्या मुलांनी येथे क्षणभर थांबावे. २८ देशांनी दोघादोघांत वेगळे करार करायचे ठरवले असते, तर किती करार लागले असते? २८ गुणिले २७, भागिले २, म्हणजे ३७८. आज या वर्तुळातील देशांची संख्या शंभराच्या पुढे गेली आहे. केवळ १०० धरले तरी ४,९५० करार होतात. त्यांऐवजी एकच करार, आणि त्यात शिरण्याची एकच अट: आमच्या घरात येऊन पाहा.

ही अट कशी पाळली जाते, ते पाहण्यासारखे आहे. साधारणतः दर चार वर्षांनी मंडळाकडे निरीक्षकांचे एक पथक येते. हे निरीक्षक कोणत्या जागतिक सरकारचे अधिकारी नसतात, कारण तसे सरकारच नाही. ते इतर देशांच्या अशाच मंडळांतून आलेले, तेच काम करणारे लोक असतात. म्हणून या पद्धतीला समकक्षांनी केलेले मूल्यमापन म्हणतात. अधिस्वीकृती देणाऱ्या मंडळांसाठीही एक मानदंड आहे, क्रमांक १७०११. तो हाती धरून ते दप्तर तपासतात. मान्यता कोणी दिली, कोणत्या पुराव्यावर दिली, तक्रार आली तेव्हा काय केले, पैसे देणाऱ्या प्रयोगशाळेचा दबाव निर्णयावर पडू नये म्हणून कोणती तजवीज आहे, असे त्यांचे प्रश्न असतात. आणि मग ते मंडळाच्या तज्ज्ञांबरोबर प्रत्यक्ष प्रयोगशाळेत जातात. तेथे ते प्रयोगशाळेला तपासत नाहीत. तपासणारा कसा तपासतो, हे ते कोपऱ्यात उभे राहून पाहतात. त्याने विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला का? उत्तर समाधानकारक नसताना त्याने ते सोडून तर दिले नाही? वर्गात पाठ चालू असताना मागच्या बाकावर निरीक्षक येऊन बसले म्हणजे शिक्षकाची जी अवस्था होते, तिची कल्पना या प्रसंगावरून पालकांना यावी!

दोष सापडले तर ते लेखी कळवले जातात व ठरावीक मुदतीत दूर करावे लागतात. शेवटचा निर्णयही पथक देत नाही. पथकाचा अहवाल करारातील इतर मंडळांच्या प्रतिनिधींसमोर जातो आणि निर्णय त्यांचा असतो. वेळ आली तर मान्यता स्थगितही करता येते. आपल्याकडील तज्ज्ञही याच रीतीने इतर देशांत परीक्षक म्हणून जातात.

हे वाचून कोणी म्हणेल, स्वतंत्र देशाच्या राष्ट्रीय मंडळाने परक्यांपुढे आपले दप्तर का उघडावे? स्वातंत्र्य मिळवले ते यासाठी का? मला हा आक्षेप मुळातच चुकीचा वाटतो. वरिष्ठापुढे हात बांधून उभे राहणे वेगळे आणि बरोबरीच्याला घरात बोलावणे वेगळे. ज्याला आपण उद्या तपासणार आहोत, तो आज आपल्याला तपासतो. यात कमीपणा कोणाचा? उलट, कोणालाही आत येऊ न देता ‘आमच्या शब्दावर विश्वास ठेवा’ म्हणणारे राष्ट्र जगात मानाने वावरत नाही, त्याचा माल बंदरावर पडून राहतो. १८७५ साली पॅरिस येथे मीटर-किलोग्रॅमच्या करारावर १७ राष्ट्रांनी सह्या केल्या, तेव्हा त्या प्रत्येकाने आपला वजनमापांचा हट्ट थोडा सोडलाच होता. (त्या सतरांत पोर्तुगाल होता, भारत त्या करारात १९५७ साली आला.) म्हणून त्यांचे सार्वभौमत्व उणे झाले असे कोणी म्हटले नाही.

दुसरा आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे आणि तो मी झटकून टाकू इच्छित नाही. उंटाच्या लग्नात गाढवे गायला बसली व दोघांनी एकमेकांच्या रूपाची आणि गळ्याची वाहवा केली, ही गोष्ट आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. समकक्षांनी समकक्षांना तपासायचे म्हटले की हा धोका आलाच. आज तू माझे झाक, उद्या मी तुझे झाकीन. आपल्याच देशात महाविद्यालयांना श्रेणी देण्यासाठी ‘नॅक’ची जी पथके जातात, तीही समकक्ष प्राध्यापकांचीच असतात; आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अशाच एका पथकातील सदस्यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. ज्या श्रेणीकडे पाहून आमची मुले महाविद्यालय निवडतात, तिच्याविषयी असे ऐकावे लागणे क्लेशकारक आहे.

मग आंतरराष्ट्रीय वर्तुळात असे होणार नाही याची हमी काय? पूर्ण हमी कशाचीच नसते. पण दोन गोष्टी तेथे आहेत, त्या आपण घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे पथकातील माणसे निरनिराळ्या देशांची असतात व निर्णय तिसऱ्याच लोकांच्या हाती असतो. सगळ्यांना एकाच वेळी वश करणे सोपे नाही. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. एकाच नमुन्याचे भाग करून ते अनेक प्रयोगशाळांकडे पाठवतात. पाण्यात शिसे किती, हे प्रत्येकीने आपापल्या जागी शोधायचे व आकडा कळवायचा. दुसरीला काय आले ते पहिलीला माहीत नसते. सर्व आकडे जमले की कोण इतरांपासून किती दूर भरकटले, ते कागदावर उघड दिसते. येथे गोड बोलणे, पाहुणचार, ओळखी यांचा काही उपयोग होत नाही. उंटाचे रूप आणि गाढवाचा गळा दोन्ही मोजूनच पाहिले जातात, असे म्हणा ना.

या व्यवस्थेकडून नसत्या अपेक्षाही करू नयेत. मंडळांनी एकमेकांना मान्यता दिली म्हणून सरकारे बांधली जात नाहीत. जागतिक व्यापार संघटनेबरोबर १९९५ साली अमलात आलेला तांत्रिक अडथळ्यांविषयीचा करारही सदस्य देशांना शक्य तेथे एकमेकांच्या तपासण्या स्वीकारण्यास सांगतो. ‘शक्य तेथे’ या दोन शब्दांत पुष्कळ जागा मोकळी राहते. आपल्याकडील संवर्धित कोळंबीत प्रतिजैविकांचे अंश वारंवार सापडल्यामुळे युरोपीय संघाने २०१६ साली तिच्या निम्म्या खेपा आपल्या बंदरांवर पुन्हा तपासण्याचे ठरवले. आधी हे प्रमाण १० टक्के होते. प्रयोगशाळेची मान्यता खरी असली, तरी तळ्यात काय टाकले जाते ते तळ्यावरचा माणूस ठरवतो.

दुसरी गैरसमजूत पालकांच्या कामाची आहे. मान्यता प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही. ती विशिष्ट चाचण्यांपुरती असते. पाण्याचा कठीणपणा मोजण्यास मान्य असलेली प्रयोगशाळा त्याच पाण्यातील जंतू शोधण्यास मान्य असेलच असे नाही. मुद्रा पाहावी, आणि ती कोणत्या चाचणीसाठी आहे तेही विचारावे. विचारल्याने कोणी रागावले, तर तेही एक उत्तरच समजावे.

हीच चूक अभियांत्रिकीच्या पदव्यांबाबत होते. १९८९ साली सहा देशांनी वॉशिंग्टन करार केला. अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एकमेकांच्या मंडळांना मानण्याचा तो करार होय. आपले राष्ट्रीय अधिस्वीकरण मंडळ, म्हणजे एनबीए, १३ जून २०१४ रोजी त्याचे पूर्ण सदस्य झाले. तेव्हापासून ‘आता आपली पदवी परदेशात चालते’ असे पुष्कळजण सांगत सुटले आहेत. वस्तुस्थिती अशी की त्या मंडळाने कराराच्या वरच्या कसोटीवर मान्य केलेले अभ्यासक्रमच त्यात येतात. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याने महाविद्यालयाचे नाव जितके निरखून पाहावे, तितकाच त्या विशिष्ट अभ्यासक्रमाचा दाखलाही पाहावा.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे येतो. २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया या चिमुकल्या देशात खोकल्याचे औषध घेतलेली साठांहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोक्याची सूचना दिली. संशयित औषधे भारतात तयार झालेली होती आणि त्यांच्या नमुन्यांत डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळल्याचे तिने जाहीर केले. गांबियापाशी त्या वेळी औषधे तपासणारी स्वतःची प्रयोगशाळा नव्हती. मोठे राष्ट्र दुसऱ्याच्या कागदावर अविश्वास दाखवू शकते, कारण त्याला स्वतः तपासून पाहता येते. लहान, गरीब राष्ट्राला तो कागदच औषध असतो. परस्पर मान्यतेची व्यवस्था श्रीमंत देशांच्या व्यापाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी काढली असे काहीजण म्हणतात. मला उलट वाटते. तिची सर्वांत अधिक गरज गांबियातील आईला आहे.

आपल्या सरकारने त्यानंतर एक पाऊल उचलले. १ जून २०२३ पासून खोकल्याचे औषध परदेशी पाठवण्यापूर्वी त्याचा नमुना ठरावीक सरकारी प्रयोगशाळेत, किंवा राज्यांच्या अधिस्वीकृत प्रयोगशाळेत तपासून घेणे बंधनकारक झाले. पाऊल योग्य होते. परंतु ते निर्यातीपुरते होते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक मुले त्याच प्रकारच्या औषधाने गेली. त्यांतील कित्येकांना उपचारासाठी नागपुरास आणले होते. हे औषधही आपल्याच देशात तयार झालेले आणि आपल्याच देशात विकलेले. तपासणीत त्या औषधात हे द्रव्य ४८.६ टक्के निघाले, मर्यादा ०.१ टक्क्याची आहे. परक्या देशाच्या मुलासाठी जी दुसरी तपासणी आपण सक्तीची केली, ती आपल्या मुलासाठी केली नव्हती. बाहेरचा मनुष्य पाहणार असला म्हणजे घर झाडायचे, ही खोड आपल्या अंगात किती खोल गेली आहे, हे या दोन तारखा शेजारी ठेवल्या की दिसते. समकक्षांपुढे घर उघडे करण्याची जी शिस्त आपण जगाच्या बाजारात स्वीकारली, ती घरातल्या बाजारात का स्वीकारू नये? राज्यांच्या औषध-तपासनिसांचे काम दुसऱ्या राज्याच्या तपासनिसांनी दर काही वर्षांनी शेजारी उभे राहून पाहावे, आणि त्यांचा अहवाल लोकांना वाचावयास मिळावा, असे मला वाटते. खर्च होईल, पण तो कोळंबीच्या खेपांसाठी आपण करतोच की.

हा उपदेश करणाऱ्याने आपले घर आधी उघडावे, हे न्याय्यच आहे. शाळेतील अंतर्गत गुण आम्हीच देतो व आम्हीच तपासतो. परीक्षामंडळ वर्षाअखेर जे काय पाहायचे ते पाहते; पण सहामाहीच्या उत्तरपत्रिकेवर मी दिलेले गुण दुसऱ्या कोणा शिक्षकाने पाहिले, असे क्वचितच घडते. म्हणून शेजारच्या दोन शाळांतील माझ्या व्यवसायबंधूंना या पानांतूनच विनंती करतो की, पुढील सहामाहीला प्रत्येक शाळेने वीस उत्तरपत्रिका निवडाव्यात, नावे व गुण झाकून त्यांच्या प्रती इतर दोघांकडे द्याव्यात, आणि तिघांचे आकडे एका कागदावर मांडून तो तिन्ही शिक्षकदालनांत लावावा. विषय मराठीचा घ्यावा, असे माझे मत आहे. गणितात उत्तर चुकले की चुकले, तेथे आमच्यात फारसे अंतर पडणार नाही. पण ज्याच्या घरी कोंकणी बोलतात त्या मुलाने मराठी निबंधात घरचा एखादा शब्द सहज वापरला, तर त्याचा एक गुण कापावा की एक वाढवावा, याचे उत्तर तिन्ही शाळांत एकच येईल याची मला मुळीच खात्री नाही. निबंध दहा गुणांचा ठेवू. प्रती काढण्याचा खर्च आमची शाळा करील, असे मुख्याध्यापकांनी मान्य केले आहे.